न लागलेली गाढ झोप

मी मनगटावरचा, झोप मोजणारा एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. रबर चिरलंय, काच ओरखडलीय आणि खरं सांगायचं तर मी फार थकलोय.

कारखान्यात माझ्या पोटात एक हिरवा दिवा बसवला. त्याच्या उजेडात मला नाडी दिसते आणि हात हलला की तेही कळतं. बस्स, एवढंच माझं भांडवल. झोप असते डोक्यात आणि मी असतो मनगटावर! तरी सकाळ झाली की लोक मलाच विचारणार, गाढ झोप किती, स्वप्नांची किती. मग मी आपला अंदाजपंचे सांगतो. अंग निपचित, नाडी संथ, म्हणजे गाढ झोप.

एका मुलीने पहिल्या पगारातून मला वडिलांसाठी आणलं. ते शाळेची बस चालवायचे. सुरुवातीला माझं कोण कौतुक! सकाळच्या चहाबरोबर मुलगी फोनवर माझे आकडे वाचायची आणि शेजाऱ्यांनाही दाखवायची.

पुढे वडिलांची कंबर धरली. कूस बदलली की कळ मस्तकात जायची, म्हणून ते रात्रभर ओंडक्यासारखे पडून राहायचे, टक्क जागे. मला वाटायचं, काय छान झोपलाय गडी!

"अगं, डोळ्याला डोळा लागला नाही," ते सकाळी म्हणायचे.

"काहीतरीच काय, बाबा! सात तास झोपलात. गाढ झोप तर माझ्याहून जास्त."

त्यांनी रजा मागितली, तेव्हा त्यांच्या फोनवरचे माझे आकडे बघून बसगाड्यांचे साहेबही हसले. "मजा आहे बुवा तुमची! आम्हाला कुठली एवढी झोप?" रजेचं बोलणं तिथेच संपलं.

एका सकाळी मुलांनी भरलेली बस चालवताना त्यांचा डोळा लागला. क्षणभरच. चाक पदपथावर चढलं, दप्तरं खाली घरंगळली. वेग कमी होता म्हणून निभावलं. मुलांना गंमत वाटली. "काका, परत एकदा!" असं ती ओरडलीसुद्धा. काकांनी मात्र गाडी कडेला घेतली. त्यांनी बस बंद केली, शाळेला दुसरा चालक पाठवायला सांगितलं आणि मुलीला बोलावून घेतलं.

ती धावत आली. सवयीने आधी फोन पाहिला. तिथे मी नेहमीसारखी सात तासांची झोप मांडून ठेवली होती. मग तिने मान वर केली आणि किती महिन्यांनी कोण जाणे, वडिलांचा चेहरा नीट पाहिला.

"बाबा, डोळे केवढे लाल झालेत! कधीपासून झोप नाही तुम्हाला?"

"रोज तर सांगतोय तुला."

ती बसच्या पायरीवरच बसली आणि रडू लागली. मला फार वाईट वाटलं, पण ते दाखवायला माझ्याकडे आकडा नव्हता.

आता त्यांच्या कमरेवर उपचार चालू आहेत आणि मी खणात पडून आहे. मित्रांनो, मला पुसा, चार्ज करा, खुशाल वापरा. पण घरातलं कुणी म्हणालं की रात्री झोप लागली नाही, तर खरंखोटं करायला माझ्याकडे येऊ नका. त्यांच्याजवळ जाऊन बसा.