पातळ रक्त, पातळभाजी

"आमच्या भालूला माझ्याच हातची पातळभाजी लागते हो. तू आपली पोळ्यांचं बघ!"

लग्न होऊन लष्कर शहरात सासरी आली त्या दिवशी पद्माने ऐकलेला हा जावेचा, अनसूयाबाईंचा, आवाज. इतकी वर्षं लोटली, तरी पालक शिजायला लागला की तो कानात घुमे. लहानपणापासून दिराला वाढवलेल्या बाईंच्या ओठी 'भालू', आणि बायको असून हिच्या ओठी नुसतं 'अहो'.

त्या साली मध्य भारत राज्य मोडलं, सरकारी कचेऱ्या भोपाळला निघाल्या. भालचंद्ररावांचीही बदली झाली. तिथे आपली वेगळी चूल, या एका विचारावर पद्मा तरंगत होती. तेवढ्यात त्यांची पोटरी सुजली. शिरेत रक्ताची गुठळी! ती सुटून छातीत गेली तर जिवावर बेतेल, म्हणाले बाडा चौकातले डॉक्टर. "गोली से खून पतला रहेगा."

भालचंद्रराव लंगडत बाहेर पडले, तसं डॉक्टरांनी पद्माला थांबवलं. "पत्तेवाली भाजी मत देना. पालक, मेथी, अरबी के पत्ते यानी आपका अळू, सब बंद. उनमें जो तत्त्व है, वही खून जमाता है. गोली बेकार जाएगी."

घरी भालचंद्ररावांनी त्यांना ठाऊक होतं तेवढंच सांगितलं. "वहिनी, रक्त पातळ राहायला हवंय म्हणे."

"पातळच ना? मग पातळभाजी आहे की!" अनसूयाबाई पदर खोचून उठल्याच.

पद्माने तोंड उघडलं, मिटलं. बोलावं तर म्हणतील, जळते मेली. आणि जळत तर होतीच. खाऊ देत. त्याच हातचं बाधू दे एकदा, म्हणजे उतरेल कौतुक.

रोज अळू, रोज पालक. भालचंद्रराव भुरका मारत, "वा, वहिनी!" म्हणत. तो भुरका पद्माच्या काळजावर ओरखडा काढी.

मग पोटरी पुन्हा तट्ट फुगली, लाल झाली. "गोली असर क्यों नहीं कर रही?" डॉक्टर चक्रावले. पद्माने गोळ्यांची पुडी पिशवीत टाकली.

घरी येताच अनसूयाबाईंनी विळी ओढली. "मेल्या गोळ्यांत दमच नाही. आता दोन्ही वेळा करते पातळभाजी." पालकाची जुडी धरून त्यांनी हात विळीकडे नेला. पद्माने तो हात धरला.

"नका, जाऊबाई."

"आता तरी जळू नकोस गं! लेकरू आहे ते माझं."

"जळते मी. म्हणून तर गप्प बसले. डॉक्टरांनी पालेभाजी बंद सांगितली होती, मला एकटीला. तिनेच रक्त गोठतं. तुमचा काही दोष नाही, जाऊबाई. मला सगळं ठाऊक होतं."