कोपरा फाटलेलं कार्ड

माझ्या धाकट्या भावाला, गोविंदसिंगला, धर्म शिकायचा होता. पाळायचा नव्हता, शिकायचा होता. हा फरक मानोऱ्याजवळच्या आमच्या तांड्यात कोणालाच कळला नाही आणि मलाही कळायला बराच वेळ लागला.

"शिकूनसन्या काय करशीन?" आमचा बाप सोमला त्याला विचारायचा. "पूजा सांगशीन लोकाइले?"

"नाई, बा."

"मंग?"

"लोक भोग काहून लावते, नवस काहून करते, ते विचारीन अन् लिहीन."

"ते तं मी तुले बसल्या जागी सांगतो. गरज पडते म्हनून करते."

बापाचं हे उत्तर मला आजही चुकीचं वाटत नाही. पण गोविंदसिंगला तेवढ्यावर भागत नव्हतं. तो अमरावतीला वसतिगृहात राहून बी.ए. झाला होता. आमच्या तांड्यातून एवढं शिकलेला तो पहिलाच. मी सासर सोडून माहेरी येऊन बसलेली. त्यामुळे हातची गेलेली दोन माणसं तांड्याला एकाच घरात बघायला मिळायची. मला बाराखडी त्यानेच शिकवली, तीही चुलीपुढे, राखेत बोट फिरवून.

ही गोष्ट छप्पन सालच्या उन्हाळ्यातली. एम.ए.ला धर्म हा विषय घेण्यासाठी त्याने तीन विद्यापीठांना अर्ज केले होते. नुसती जागा मिळून उपयोग नव्हता, शिष्यवृत्तीही हवी होती. पहिल्याने कळवलं, जागा नाही. दुसऱ्याने कळवलं, जागा आहे पण शिष्यवृत्ती नाही. म्हणजे पंगतीला या, भाकरी घरून बांधून आणा. दोन्ही कार्डं त्याने घरातल्या तारेला टोचून ठेवली. ती तार माझ्या डोळ्यांत खुपायची.

"हे कायले जपून ठेवतं?" मी विचारलं.

"नकारही आपलाच असते, बाई," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला आम्ही बाईच म्हणतो. "आपल्या नावानं आला ना? घरात ठेवावा."

आता उरलं होतं तिसरं विद्यापीठ, पार उत्तरेकडचं. त्यांचा नियम त्याने आधीच वाचून ठेवला होता. निवड झाली तर कार्ड येणार. कार्डावरच्या तारखेच्या आत होकार पोचला पाहिजे, नाहीतर जागा आणि शिष्यवृत्ती दोन्ही पुढच्याला. त्या एका कार्डाची वाट बघत आमचं अख्खं घर बसलं होतं.

टपालवाला तांड्यात येत नसे. आमचं टपाल मानोऱ्याला पुंजाजीच्या किराणा दुकानात पडायचं आणि जो कोणी बाजाराला जाईल तो घेऊन यायचा. गोविंदसिंग मात्र रोज जायचा. त्याला लांबून पाहूनच पुंजाजी मान हलवायचा.

"आज नाई. उद्या येईन. गूळ देऊ का थोडा?"

कामरगावच्या शाळेत मास्तरची जागा निघाली होती. त्यांनी दोनदा निरोप धाडला. गोविंदसिंग "कळवतो, कळवतो" म्हणत राहिला आणि ती जागा गेली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी, असं बाप दिवसभर ऐकवत राहिला. गोविंदसिंग जेवताना मध्येच हात थांबवून बसायचा. कोणी हाक मारली की दचकायचा, मग चिडायचा. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा. एवढ्या मोठ्या माणसाने एका कार्डासाठी असं वाळत जावं?

शेवटी आमच्या आईने, गोमतीबाईने, त्याच्यापुढे खोबऱ्याची वाटी आणि तुपाचं भांडं ठेवलं.

"पोहरादेवीले जा. सेवाभायापुढं भोग लाव. कार्ड येऊ दे म्हनून माग."

"याडी," तो आईला म्हणाला, "मी मागणाऱ्याइले विचारणारा मानूस."

"दुसऱ्याले विचारतं, तं एकदा सोता मागून पाह्य. कळन तरी."

त्याने वाटी आणि भांडं उचललं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पोहरादेवीला, आमच्या संत सेवाभायाच्या समाधीला, निघाला. त्या दिवशी तेवढा तो मानोऱ्याला गेला नाही.

आणि त्याच दिवशी दुपारी शेजारचा रूपला बाजारातून आला तो तांड्यात शिरलाच नाही. बाहेरच्या निंबाखाली उभा राहून त्याने हाक मारली. त्याच्या हातात एक कार्ड होतं, चिमटीत धरलेलं, अंगापासून लांब. कार्डाचा एक कोपरा फाटलेला होता.

मरणाची बातमी कळवायची असली की आमच्याकडे कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. असं कार्ड तांड्याच्या आत आणायचं नाही, घरात तर ठेवायचंच नाही. जो वाचणारा असेल त्याने बाहेरच वाचायचं आणि लगेच पाण्यात सोडायचं. मरण घरात मुक्कामाला ठेवू नये म्हणून ही रीत.

आमचा थोरला भाऊ धरमसिंग तेव्हा भुसावळच्या पुढे रेल्वेच्या रुळावर खडी टाकायच्या कामाला गेला होता. त्याच्या टोळीतली बाकीची माणसं पेरणीसाठी परतली होती. तो थोडे दिवस आणखी राहतो म्हणून मागे थांबला होता आणि त्याच्याकडून काही निरोप नव्हता.

मी पुढे होऊन पाहिलं. अक्षरं इंग्रजी होती. ती पाहून तर सगळ्यांची खात्रीच पटली, कारण रेल्वेचा साहेब इंग्रजीतच लिहिणार.

"गोविंदसिंग येईपर्यंत थांबा," नायक म्हणाला. आमच्या तांड्याचा तो म्होरक्या, त्याचा शब्द कोणी मोडत नसे. पण आई थांबली नाही. तिने रूपलाच्या हातातून ते कार्ड ओढलं, उन्हात अनवाणी अरुणावती नदीच्या डोहापर्यंत धावली आणि पाण्यात फेकलं. मी मागे पोचले तेव्हा शाई सुटली होती आणि आई काठावर बसून छाती बडवत होती.

दुसऱ्या दिवशी गोविंदसिंग परतला तेव्हा आमची चूल थंड होती. शेजारच्यांनी आणलेला दुखवट्याचा कडू घास कोणी खाल्ला नव्हता. बाया धरमसिंगच्या बायकोला, कमलीबाईला, मधे घेऊन बसल्या होत्या. दोघी म्हाताऱ्या तिच्या दंडावरच्या पांढऱ्या बलिया उतरवायला पुढे सरकल्या होत्या. नवरा आहे तोवर त्या बांगड्या दंडावर, नवरा गेला की उतरवायच्या.

गोविंदसिंगने सगळं ऐकलं. हातातला प्रसाद तसाच धरून त्याने विचारलं, "कार्ड कोनी वाचलं?"

"कोन वाचन? इंग्रजी होतं," बाप म्हणाला.

त्याचा चेहरा मी पाहिला. त्याला लगेच कळलं. म्हणजे कळलं असं नाही, संशय आला. आणि त्या संशयात किती वाईट पेच आहे तोही मला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळला. कार्ड त्याचं असेल तर भाऊ जिवंत होता आणि त्याचं नशीब डोहात गेलं होतं. कार्ड त्याचं नसेल तर त्याला अजून आशा होती आणि भाऊ नव्हता. दोन्ही हातांत एकदम काही राहणार नव्हतं.

"बलिया राहू द्या," तो म्हाताऱ्यांना म्हणाला. "ते कार्ड माहं असन."

म्हाताऱ्यांचे हात मागे आले. कमलीबाईने पदराआडून मान वर केली.

"भाऊजी, खरं सांगता?"

"माहं इंग्रजीतच येनार होतं, वहिनी."

"मंग तुमचंच असू द्या," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि पुन्हा मान खाली घातली. तिच्यावर मला त्या क्षणी राग आला होता. तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, हे सुचायला मला संध्याकाळ झाली.

नायकाने निवाडा केला. गोविंदसिंगने जाऊन पाहून यावं. तोवर बलिया उतरवायच्या नाहीत आणि दुखवटाही मोडायचा नाही.

निघण्याआधी गोविंदसिंगने कोनाड्यातून दौत आणि कोरं कार्ड काढलं. मला वाटलं, बरं झालं, आता तो त्या विद्यापीठाला लिहील की कार्ड हरवलं, पुन्हा कळवा. पण बापाने ते पाहिलं.

"भाऊ हाय का नाई ठाव नाई, अन् तू कलम घेऊन बसला?"

गोविंदसिंगने दौत परत ठेवली. मी त्याच्यामागे निंबापर्यंत गेले.

"वाटेत लिही," मी म्हटलं. "कारंज्याले गाडीची वाट पाहाशीन तेवा लिही. बाले काय कळते?"

"नाई लिहीत, बाई."

"काहून?"

त्याने मागे वळून घराकडे पाहिलं. मग म्हणाला, "काल भोग लावला तेवा कार्ड माग्तलं होतं. आता इथं उभं राहून उलटं माग्तलं. ते बुडालं ते माहंच निघो, धरमसिंगभिया जित्ता भेटो. तो डोयानं दिसेपर्यंत त्या जागेसाठी मी एक अक्षर लिहिनार नाई."

"तू? नवस केला?"

"हो."

"अन् तू तं लोकाइले विचारत होता, नवस नाई पाळला तं काय होते म्हनून."

"विचारत होतो," तो म्हणाला. "आता मले कोनी विचारलं तं मी सांगू शकत नाई. पन मोडूही शकत नाई."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. एवढं शिकून शेवटी आईच्याच वाटेने गेला. पण मी काही बोलले नाही, कारण माझा जीवही धरमसिंगमध्ये अडकला होता. आपण काही बोललो आणि नवसाला धक्का लागला तर, ही भीती मलाही होतीच. तो मानोऱ्याच्या रस्त्याला लागला. पुढे कारंज्याहून छोटी गाडी आणि मग मोठी.

त्यानंतरचे दिवस मला कोणी परत दिले तर नकोत. शेतात पेरण्या चालल्या होत्या आणि आमच्या घरी मेलेला की जिवंत हे न ठरलेलं माणूस होतं. आई मोकळेपणी रडूही शकत नव्हती. कमलीबाई कामाला हात लावायची तेव्हा तिच्या बलिया वाजायच्या आणि म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायच्या. ती दंड पदराखाली दाबून धान्य पाखडायची. रोज सकाळी मी मनातल्या मनात त्या कार्डावरची तारीख पुढे पुढे ढकलायची. कोणती तारीख होती, तेही मला ठाऊक नव्हतं.

ज्येष्ठ संपत आला तेव्हा दोघं भाऊ एकत्र आले. धरमसिंगची टोळी काम करत करत पार पुढे सरकली होती. प्रत्येक ठिकाणी "कालपर्यंत इथंच होते" ऐकत गोविंदसिंग रुळाच्या कडेने चालत राहिला होता. धरमसिंग धडधाकट होता आणि आपण मेलो होतो हे कळल्यामुळे भलताच चिडला होता.

"माहं मरन ठरवाले तुमाले एक फाटकं कार्ड पुरलं?" तो बापावर ओरडत होता आणि आई त्याच्या तोंडावरून हात फिरवत हसत होती, रडत होती. तांडा गोळा झाला. आईने निखाऱ्यावर तूप सोडून भोग लावला. कमलीबाई गोविंदसिंगच्या पाया पडली. सगळ्या गर्दीत गोविंदसिंग एकटाच हसतही नव्हता आणि रडतही नव्हता. भाऊ जिवंत आल्याच्या दिवशी कार्डासाठी रडायचं कसं? रडला असता तर लोकांनी त्याचा काय अर्थ घेतला असता?

त्याच दिवशी त्याने विद्यापीठाला लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुंजाजीने स्वतःच सांगितलं, "ते कार्ड गुळाच्या ढेपीवर पडलं होतं, बाप्पा. चिकटलं. ओढलं तं कोपरा तिथंच राह्यला." त्याने ढेपीला चिकटलेला तो तुकडा कधीच झाडून टाकला होता. त्याच्यावर काय रागवायचं? मी तरीही महिनाभर त्याच्याकडून गूळ घेतला नाही.

उत्तर आलं त्या दिवशी मी गोविंदसिंगबरोबर बाजारात होते. चांगलं चारही कोपऱ्यांचं कार्ड. त्याने ते दुकानासमोर उभ्याने वाचलं, एकदा आणि परत एकदा. मग खिशात ठेवलं.

"काय म्हनते?" मी विचारलं.

"चाल," तो म्हणाला.

डोहाजवळ आल्यावर तो वाट सोडून काठाला उतरला. कार्ड काढलं. त्याचा एक कोपरा नीट, सरळ फाडला आणि मग ते पाण्यावर ठेवलं. ते लांब जाईपर्यंत बघत राहिला. मला इंग्रजी येत नव्हतं, पण फाडलेला कोपरा वाचायला इंग्रजी कशाला हवं? नुसता नकार असता तर ते कार्ड घरच्या तारेला लागलं असतं; हे हाती आलेलं गेल्याचं कार्ड होतं.

घरी आई दारातच उभी होती.

"काय आलं?"

"नाई म्हनते, याडी. पयल्या कार्डातही नाईच होतं."

आईने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. "मंग बरं झालं, बाप्पा. माह्या मनाले लागून राह्यलं होतं. तुहं चांगलं तं माह्या हातानं बुडलं नाई?" ती आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि मधेच थबकली. तिची नजर तारेवर गेली. तिथे दोनच कार्डं होती.

"नकाराचं तं तू तारेले लावतं," ती म्हणाली. "हे काहून नाई लावलं?"

गोविंदसिंगने तांब्यासाठी हात पुढे केला.

"माह्या हातून पडलं, याडी," मी म्हटलं. "पाहाले घेतलं अन् डोहात पडलं."

"तुह्या हातानं एक काम धड होत नाई," आई म्हणाली. "सासरही असंच सोडून आली." आणि तिने तांब्या त्याच्या हातात दिला.

आम्ही जेवायला बसलो. कमलीबाई वाढत होती. गोविंदसिंगच्या ताटात भाकरी ठेवताना तिचा हात तिथेच थांबला. तिने एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, मग दुसरी भाकरी ठेवली. तिच्या दंडावर बलिया वाजल्या. गोविंदसिंग खाली मान घालून जेवत राहिला.