आवळलेली मूठ

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी काखेतली सुई बाहेर काढली, तेव्हा तिने उजवी मूठ घट्ट आवळलेलीच होती.

“आता हळूहळू हात बधिर होईल,” बाई म्हणाल्या.

“बधिर तर कान होतात ना?” घाबरली की तिला नसत्या शंका सुचत.

बाई हसल्या. शब्द मूळचा कानाचाच, म्हणाल्या. ज्याला ऐकू येत नाही तो बधिर. पुढे माणसांनी तो हातापायांना दिला, हिरडीला दिला, दुःखाने सुन्न झालेल्या मनालाही दिला.

“सुरी बोलेल, पण हाताला ऐकू जाणार नाही. तुम्ही मात्र जाग्याच राहाल.”

जागं राहायचं, याचीच तर तिला धास्ती होती. ती पुस्तकं बांधायची. मनगटातल्या गाठीमुळे दाभण धरवेना, म्हणून इथवर आली होती. पण मागे दाढ काढताना औषध लागूच पडलं नव्हतं. भीतीने तिची वाचा बसलेली, आणि दाताचे डॉक्टर म्हणत होते, उगाच घाबरता. म्हणून याच इस्पितळात परिचारिका असलेल्या मोठ्या नणंदेशी तिने आधीच ठरवून ठेवलं होतं: दुखलं की मी उजवी मूठ आवळेन, तुम्ही त्यांना थांबवा.

मध्ये हिरवा पडदा आला. नणंद उशाशी उभी राहिली. तिचा हात हिने डाव्या हातात धरला. देवाचं नाव घ्यावं, तर ओठ हलेनात. पलीकडे हत्यारं वाजली.

आणि तिला जाणवलं, मूठ अजून आवळलेलीच आहे. बोटं तळव्यात रुतलेली, वरून अंगठा दाबलेला, सगळं अगदी स्पष्ट. म्हणजे हात बधिर झालाच नव्हता. तिने जीव खाऊन मूठ आणखी आवळली. नणंद पडद्यापलीकडे बघत होती, पण गप्प. तिने पुन्हा आवळली. कुणीच थांबेना.

शेवटी घशातून कसाबसा आवाज फुटला.

“वन्सं, मूठ आवळलीय मी. थांबवा ना त्यांना.”

नणंद वाकली. “अगं, हात केव्हाचा उघडा पडलाय तुझा. गाठ निघालीसुद्धा. टाके घालतायत.”

असं होतं, बाईंनी समजावलं. बधिर होताना हात जसा असतो, तसाच तो पुढे मनाला वाटत राहतो. खूण ठरवली ती नेमकी त्याच हाताची, हे दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं.

तिने डोळे मिटले. पाणी कानांपर्यंत ओघळलं. मग डाव्या हाताची बोटं सैल झाली, आणि नणंदेने आपला हात अलगद सोडवून घेतला. तळव्यावर नखं खोल उमटली होती. एका जागी रक्त आलं होतं.

“अगंबाई. दुखलं नाही का तुम्हाला?”

“दुखलं की. मला कुठे कुणी बधिर केलं होतं,” नणंद म्हणाली, आणि तिने दुसरा हात पुढे केला. “आता हा धर. टाके राहिलेत अजून.”