दहा हजार एक आणि देवाचा वाल

मी दहा हजार एक बोलतेय. आकड्यांत लिहा, १०००१. डावीकडून वाचा की उजवीकडून, मी तीच. माझा जन्म कधीचा ते मलाही ठाऊक नाही, पण घर मिळालं ते रोह्याजवळच्या निडी गावात, मैनाच्या वहीत.

मैना रोह्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. शनिवारी पेणच्या गणित मंडळात तिला माझ्यावर बोलायचं होतं. मी मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि मी स्वतः सोडून कुणीच मला पुरतं भागू शकत नाही, असं तिने कॉलेजातल्या मॅडमना सांगूनही टाकलं होतं. आणि ही मुलगी कशी, तर दाराची कडी वाजली तरी दचकणारी! भर सभेत चुकले तर, एवढ्या विचाराने तिचे तळहात ओले व्हायचे.

माझे दोन तुकडे पडणारच असतील तर धाकटा शंभराच्या आतला, कारण दोन्ही शंभरावर गेले तर गुणाकार माझ्यापुढे जातो. शंभराच्या आत मूळ संख्या पंचवीस. मैना वहीतली यादी बघून पाटीवर एकेकीने मला भागायची, बाकी उरली की पुसायची. शेजारी वाल निवडत बसलेली आजी, गिरजाबाई, दर भागाकाराला सुपात एक वाल टाकायची.

धान्य मोजताना पहिलं माप देवाच्या नावाने टाकतात, तसा मोजणीआधीच तिने एक दाणा टाकला. "लाभ! ह्यो देवाचा."

एकाहत्तरने भागून झालं आणि मांजराने दुधाचं पातेलं पाडलं. मैना ताडकन उठली. परत आली तर कुठवर आलो ते आठवेना. तिने सुपातले वाल मोजले, एकवीस. मग यादीतल्या बाविसाव्या संख्येपासून पुढे भागत गेली. सगळीकडे बाकी उरली. मी अखंड! काय फुगले होते म्हणून सांगू!

शनिवारी सकाळी मैना चपला घालत होती. आजीने सूप उचललं.

"किती येला भागलंस गो?"

"पंचवीस."

"मंग देवाचा धरून सव्वीस व्हायला पायजेत. हितं पंचवीसच हायत."

मैनाचा चेहरा उतरला. पातेलं पडलं तेव्हा तिने देवाचा वालही मोजला होता, म्हणून एकविसावी संख्या राहिली होती, त्र्याहत्तर. तिने उभ्या उभ्या पाटी घेतली. भागाकार एकशे सदतीस, बाकी शून्य. माझे सरळ दोन तुकडे पडले, आणि ती तर रडायलाच लागली.

"आता नाही जात मी."

"का? वाल फुटल्याबिगर डाळिंब्या व्हत्यात का? फुटली तशी दाव जा."

पेणला मैनाने आपली चूक सांगितली, वालासकट. मागून एक जण ओरडला, "मूळ नाय, मंग आणलीस कशाला हिला?"

"चार अंकी आकडा सांगा," ती म्हणाली.

"माझ्या स्कूटरचा घे. ४१८६."

तिने तो आधी त्र्याहत्तरने गुणला, मग एकशे सदतीसने, म्हणजे एकूण माझ्यानेच. फळ्यावर उमटलं, ४१८६४१८६. मग तोच ओरडला, "आयला, माझी स्कूटर दोनदा आली!" त्या हशात मैनाही हसली.

आता ती रोह्यात शिकवते. दर वर्षी मला फळ्यावर लिहिते आणि टेबलावर आधी एक वाल ठेवते. अखंडपणाची मिजास माझी गेली. त्र्याहत्तर आणि एकशे सदतीस माझ्या पोटात सुखाने नांदतात. तुम्हीही मला भागून बघा. खरंच सांगते, दुखत नाही.