सहा ओळी कमी झालेला पॅच

मी एक पॅच आहे. घरच्या भाषेत ठिगळ म्हणा, मला राग नाही. कॉम्प्युटरच्या मूळ प्रणालीत कुठे भोक सापडलं की ते बुजवायला माझ्यासारख्या चार-दोन ओळी लिहितात. माझा जन्म एका सोमवारी सकाळी झाला, आणि मला लिहिणारी डोळे पुसत टाइप करत होती.

तिचा थोरला भाऊ रुग्णवाहिका बोलावण्याच्या केंद्रात फोन घ्यायचा. एका दुपारी त्याच्यासमोरचं मशीन गोठलं. अकरा मिनिटं. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईंच्या घरून आलेला फोन तसाच वाजत राहिला, आणि बाई गेल्या. "मी काही दाबलं नाही, ते आपोआप बंद पडलं," दादा सांगत राहिला. साहेब म्हणाले, "पुरावा?" पुढे दर दोन-तीन दिवसांनी मशीन असंच गोठून कोसळायचं आणि दरवेळी ठपका दादावरच.

पुरावा खरं तर मिळायला हवा होता. प्रणाली कोसळते तेव्हा मरता मरता जबानी लिहून ठेवते : काय चाललं होतं, घात कुणी केला. त्यासाठी मशीन सुरू होतानाच थोडी मेमरी राखून ठेवावी लागते. किती, ते सुरुवातीच्या सूचनांत आकड्याने सांगतात. तिथे कुणीतरी २५६ लिहिलं आणि पुढचं मेगाबाइटचं M विसरलं. मशीनने २५६ बाइट समजले. तेवढ्यात चार ओळीही मावत नाहीत, म्हणून मशीनने ती सूचना निमूट सोडून दिली. कुणाला चकार शब्द नाही.

दादाची चौकशी संपेपर्यंत त्या सूचनांना हात लावायला बंदी होती. पण ही प्रणाली तिचीच कंपनी सांभाळायची, आणि तिथून दर बुधवारी सगळ्या गिऱ्हाइकांच्या मशीनांत जाणारी दुरुस्ती आपोआप बसायची. म्हणून तिने मला लिहिलं : आकडा लहान असेल आणि अक्षर नसेल, तर मेगाबाइटच समज. सुनावणी शुक्रवारी होती. मी बुधवारी पोचलो आणि मशीन त्याआधी पुन्हा कोसळलं, तर दादा वाचण्याची आशा होती.

पण दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय पॅच पुढे जात नाही. मी भिंगकाकांकडे गेलो. ओळ न् ओळ भिंगाखाली धरल्यासारखी वाचतात, म्हणून ऑफिसने ठेवलेलं नाव.

"अगं, अंदाज कशाला बांधतेस?" ते म्हणाले. "एखाद्या छोट्या मशीनकडे सगळी मिळून तीनशेच मेगाबाइट असतील. तिथेही कुणी अक्षर विसरलं असेल. आजवर बिचारं सुखाने चाललंय. तुझा पॅच त्यातले अडीचशे काढून घेईल. मग ते जगेल कशावर?"

"अशी कितीशी असतील, काका?"

"मला नाही माहीत. तुला आहे?"

तिने दादाचं सगळं सांगितलं. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सही करायला मला किती वेळ लागतो? पण आधी चालवून बघ. मग तूच सांग, करू का."

कपाटातलं एक जुनं, लहान मशीन काढून तिने त्याच्या सूचनांतही नुसतं २५६ लिहिलं आणि मला त्यात बसवलं. पडदा काळा. पुन्हा चालू केलं, काळाच. तिसऱ्यांदाही तेच. मग माझ्यातल्या अंदाज बांधणाऱ्या सहा ओळी तिने स्वतःच्या हाताने पुसल्या. मला तीनच उरल्या : जागा राखता आली नाही, तर तसं पडद्यावर ठळक सांग.

"आता करा सही," ती म्हणाली.

बुधवारी मी केंद्रात पोचलो. पडद्यावरचा माझा इशारा सगळ्यात आधी दादानेच वाचला आणि तो धावत साहेबांकडे गेला. "चौकशी संपू दे," साहेब म्हणाले. शुक्रवारी चौकशी संपली, दादाची नोकरीही.

मग बंदी उठली, कुणीतरी ते अक्षर घातलं आणि तिसऱ्या दिवशी, दादाच्या जागी आलेल्या नव्या मुलीसमोर, मशीन कोसळलं. या वेळी जबानी मिळाली. दोष नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचा होता. साहेबांनी अहवाल वाचला आणि म्हणाले, "हे आजचं झालं. त्या दिवशीचं काय?"

तिने दादाला सगळं सांगितलं, सहा ओळींचंही. तो जेवता जेवता थांबला. "बरोबर केलंस," म्हणाला. मग ताट सरकवून उठला. "पण मला सांगायला नको होतंस."

दोन महिने त्याने तिला फोन केला नाही. काल केला. एकच वाक्य बोलला : "अपील करतोय, त्या अहवालाची प्रत काढून ठेव."

मी आज असंख्य मशीनांत आहे. सुरू होताना सांगतो, पण लोक तेव्हा चहा आणायला गेलेले असतात. एवढंच मागणं आहे : माणसाकडे बोट दाखवण्याआधी एकदा पडद्याकडे बघा. मला याहून मोठ्याने ओरडता येत नाही.