उलटी वेणी

नणंदेनं लॅपटॉप असा मिटला की टेबलावरचा चहा हिंदकळला.

"प्रश्न बंद केला म्हणे. मी काय वाईट बोलले का कुणाला?"

वहिनीनं ओले हात टॉवेलला पुसले आणि लॅपटॉप पुन्हा उघडला. प्रश्नोत्तरांच्या त्या संकेतस्थळावर मासे पाळणाऱ्यांच्या विभागात तिचा बराच वावर होता. नवख्यांना हाताशी धरून प्रश्न नीट मांडायला शिकवणं हे तिथलं तिचं हौसेचं काम. विणकामातलं मात्र तिला ओ की ठो कळत नव्हतं.

विणकामाच्या विभागात नणंदेनं लिहिलं होतं : 'आईचा स्वेटर अर्धा राहिलाय. पूर्ण कसा करू? लवकर सांगा.' खाली पाटी लागली होती, की प्रश्न अपुरा आहे, तपशील द्या.

नणंद दातांची डॉक्टर. वहिनीनं तिला विचारलं, "कुणी फोनवर नुसतं 'दात दुखतो, काय करू' म्हणालं, तर तू काय सांगशील?"

"या आणि तोंड उघडा."

"तेच म्हणतायत ते."

नणंदेला हसू आलं, पण ते तिनं चहात बुडवलं.

मग दोघींनी स्वेटर टेबलावर पसरला. गेल्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या, तेव्हापासून तो कपाटात सुयांसकट गुंडाळून ठेवलेला होता. पाठ पूर्ण, पुढची बाजू गळ्यापर्यंत, बाह्या नाहीत. खिडकीच्या उजेडात फोटो काढले. लोकर कसली, सुई किती नंबरची, माप कुणाचं, हे वहिनी एकेक विचारत गेली आणि नणंद लिहीत गेली. शेवटी वहिनी म्हणाली, की आता तुझ्या मनात काय करायचं आहे तेही लिही.

नणंदेचे हात थांबले. छातीपाशी जिथून वीण बदलली होती, तिथे तिनं बोट ठेवलं. नक्षीतल्या खालच्या सगळ्या वेण्यांचा पीळ उजवीकडे होता. तिथून वर तो डावीकडे गेला होता.

"एवढं उसवणार आहे मी. शेवटी शेवटी आईचा हात चुकायला लागला होता. ते परक्या लोकांना कशाला सांगायचं?"

"उसवल्यावर विचारून काय उपयोग?"

बऱ्याच वेळानं नणंदेनं ते वाक्य लिहिलं. 'चुकायला लागला' हे शब्द दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा तसेच राहू दिले.

प्रश्न पुन्हा खुला झाला. संध्याकाळी उत्तर आलं. कुणा अनोळखी बाईनं फोटो मोठा करून करून पाहिला असावा. तिनं लिहिलं होतं, की कृपा करून उसवू नका, यात चूक एकही नाही. वरचे टाके खालच्याइतके सफाईदार नाहीत, जरा घट्टच आहेत, पण प्रत्येक वेणी नेमक्या जागी वळली आहे. सुईवरचे टाकेही उलट्या बाजूनं बसलेले दिसतात. माझ्या मते इथून पुढे विणणारा माणूस वेगळा आहे, आणि तो डावखुरा आहे.

नणंदेनं ते वाचलं, मग परत वाचलं. घरात डावखुरं माणूस एकच होतं, आणि ते या वेळी गॅलरीत स्टुलाचा डुगडुगणारा पाय ठोकत बसलं होतं.

नणंद स्वेटर घेऊन गॅलरीत गेली आणि वडिलांच्या शेजारी बसली. स्वेटर तिनं त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"बाबा, बाह्यांचं माप आईनं सांगितलं होतं का?"

त्यांनी हातोडी खाली ठेवली. तळवे पायजम्याला पुसले. वेण्यांवरून अंगठा फिरवला.

"तिथवर पोचलोच नाही आम्ही," ते म्हणाले. "ती पडल्या पडल्या रिकाम्या सुया हलवून दाखवायची. मी समोर बसून तसंच करायचो, आरशातल्यासारखं. म्हणायची, तुझा हात डावा, शेजारी बसून तुला कळणार नाही."

आत लॅपटॉपवर अनोळखी बाईचं उत्तर उघडंच होतं. दारातून वहिनीला दिसलं, की नणंद उठली. स्टूल सरळ केलं, ते जरासं डुगडुगलं, तरी ती त्यावरच बसली, वडिलांच्या समोर.