कराची–हैदराबाद, नऊशे मैल

सुपडूनं कडूचा डावा हात मोडला तेव्हा बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातला बाजार अजून उठला नव्हता. त्यामुळे बघायला माणसं भरपूर होती, आणि मारायलाही.

कडू जवळच्या डोईफोडिया गावचा केळीवाला. त्याचा गुन्हा असा, की त्यानं शेताच्या बांधावर मोठी आग पेटवली. अठ्ठेचाळीसचा पावसाळा सरत आला होता. निजामाचं हैदराबाद अजून विलीन व्हायचं होतं, आणि कराचीहून तिकडे विमानानं बंदुका जातात अशी बोलवा होती. परवा तसलंच एक विमान आमच्यावरून गेलं. आवाज सगळ्या गावानं ऐकला. ज्यांनी ऐकला नव्हता त्यांनीही दुसऱ्या दिवशी ऐकल्याचं सांगितलं. कडूची आग त्याच रात्रीची. म्हणजे विमानाला रस्ता त्यानंच दाखवला.

"डुकरं येतस, भाऊ," खांबाला बांधलेला कडू म्हणाला. "केळी खातस. म्हणून पेटवली."

सुपडूनं त्याच्या तोंडावर बुक्की मारली. सुपडू आमचा पहिलवान. आखाड्यात हरायचा, पण बांधलेल्या माणसाशी कधी हरला नाही.

कडूची बायको धुरपदाबाई लोधीपुऱ्यातून प्रभाकर मास्तरांना घेऊन आली. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी केळीच्या गाडीवर नकाशांचं पुस्तक उघडलं आणि कराची ते हैदराबाद दोरा ताणून धरला.

"नऊशे मैल. विमानाला पाच तास. आणि हा बघा, दोरा औरंगाबादच्या अंगानं जातो. आपण सवाशे मैल बाजूला. इथून विमान जायचं कारणच नाही."

आम्ही वाकून पाहिलं. खरंच होतं.

"मग सवाशे मैल वाकडं आलं कसं?" सुपडूनं विचारलं. "आग केवढी असेल?"

हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दोघांनी काठ्या उचलल्या. कडूच्या गुडघ्याचा आवाज मास्तरांपर्यंत पोचला असावा, कारण त्यांनी घाईनं अंगठ्यानं दोरा वर ढकलला आणि बऱ्हाणपुरावर दाबून धरला.

"चुकलो. रस्ता आपल्यावरूनच आहे. अगदी डोक्यावरून. त्यांना आगीची गरजच काय?"

गर्दी खूश झाली. जगाच्या नकाशात आपल्यावरून काहीतरी जातं, हे आम्हाला प्रथमच कळत होतं. कडूला सोडलं. धुरपदाबाईनं त्याला गाडीत ओढलं.

"पण मास्तर," सुपडू म्हणाला, "दुश्मनाचा इतका पक्का रस्ता तुम्हाला कोणी सांगितला?"

"नकाशात आहे."

"नकाशा कुठला?"

मास्तर खोटं बोलायला नुकतेच शिकले होते, सवय नव्हती. "लंडनचा," ते म्हणाले.

दोर तयारच होता. दोन दात, चार बोटं आणि चष्मा, एवढं झाल्यावर आम्ही त्यांना त्याच गाडीत टाकलं. गाडी दवाखान्याकडे निघाली. मागून आमचे दोघं चालत होते.

"मास्तर," कडूनं पडल्यापडल्या विचारलं, "इमान खरं कुठून जातं हो?"

मास्तरांनी रक्त थुंकलं. "आपल्यावरून नाही."

"हळू बोला," कडू म्हणाला.

ते आमच्या दोघांना ऐकू आलं होतं. पण मारून मारून त्यांचे हात फार दुखत होते.